ऑब्जेक्टचं एक्सएमएल करताना डोकं अजिबात लावू नये

तुमच्या प्रोग्रामचे ऑब्जेक्ट, म्हणजे डेटाची गाठोडी, मेमरीत सुखानं नांदत असतात. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. तेवढ्यात पलीकडची टीम एक्सएमएल मागते, म्हणजे तोच डेटा टॅगांत गुंडाळलेल्या मजकुराच्या रूपात. घाबरू नका, आणि त्यांना नेमकं काय हवंय असले प्रश्न तर मुळीच विचारू नका. ऑब्जेक्टचं एक्सएमएल आणि एक्सएमएलचं ऑब्जेक्ट आपोआप करणारी डेटा बाइंडिंग लायब्ररी हाताशी असताना दस्तऐवजाचा आराखडा ठरवत बसायला आपण काय रिकामटेकडे आहोत? जाव्हा या भाषेसाठी जेएएक्सबी ही तशी लायब्ररी आहे. क्लासच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्याच्या, डोक्यावर ‘एक्सएमएलरूटएलिमेंट’ हे ॲनोटेशन (लायब्ररीसाठीची चिठ्ठी) चिकटवा आणि एक्सएमएल लिहून देणाऱ्या मार्शलरला हाक मारा.

मार्शलर हे नाव मोठं समर्पक आहे. सभागृहातल्या गोंधळी सदस्याला उचलून बाहेर नेणारे मार्शल आपण पाहिलेत. हाही तेच करतो, फक्त बाहेर नेताना सदस्याच्या अंगावर कुठले कपडे ठेवायचे ते परस्पर ठरवतो. फील्ड (ऑब्जेक्टमधला एखादा रकाना) नल म्हणजे रिकामं असेल तर तो टॅगच लिहीत नाही. ‘माहिती नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘भरायचं राहिलं’ या तिन्हींचं उत्तर एकच: शांतता. ‘निलेबल’ केलंत तर टॅग येतो आणि त्यावर ‘निल’ अशी पाटीही येते. पण असा प्रामाणिकपणा एकदा सुरू केला की सगळीकडे करावा लागतो. नसत्या भानगडीत पडू नये.

सुरुवातीला लायब्ररी थोडे नखरे करील. ग्राहक आणि नग दिल्याशिवाय ऑर्डर जन्मालाच येऊ नये, म्हणून तुम्ही मोठ्या कौतुकानं ऑब्जेक्ट घडवणारा कन्स्ट्रक्टर लिहिला असेल. लायब्ररीला तो नको. तिला बिनआर्ग्युमेंटचा, रिकाम्या हातांचा कन्स्ट्रक्टर हवा. द्या. वर कॉमेंट टाका: ‘रिकामा दिसतो म्हणून काढू नये.’ वर्षभरात कुणीतरी काढेलच, तोवर आपण दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेलो असतो. मग ती म्हणेल, एकाच नावाच्या दोन प्रॉपर्टी सापडल्या. ॲनोटेशन तुम्ही खासगी फील्डवर लावलंय आणि ते फील्ड वाचून देणारा सार्वजनिक गेटर तिला आपला आपण दिसलाय. ॲक्सेस टाइप ‘फील्ड’ केला, म्हणजे फक्त फील्डच बघ असं सांगितलं, की भांडण मिटतं, पण हे समजून घेण्यापेक्षा ॲनोटेशन इकडून तिकडे हलवत राहा. केव्हातरी बिल्ड हिरवी होतेच.

खरी मजा नात्यागोत्यांत आहे. ग्राहकाकडे ऑर्डरींची यादी, प्रत्येक ऑर्डरीकडे तिचा ग्राहक. मेमरीत हे आदर्श कुटुंब वाटतं. मार्शलर मात्र ग्राहकात शिरतो, ऑर्डरीत उतरतो, तिथे पुन्हा तोच ग्राहक भेटतो, आणि तो हात टेकतो: चक्र सापडलंय, एक्सएमएलच्या खोलीला अंत राहणार नाही. यावर विचार करायचा तर ‘वाचणाऱ्याला ग्राहकाखाली ऑर्डरी हव्यात, की ऑर्डरीत ग्राहकाचा नुसता क्रमांक पुरेल’ असा प्रश्न पडतो. पडू देऊ नका. ऑर्डरीतल्या ग्राहकावर ‘एक्सएमएलट्रान्झियंट’, म्हणजे ‘हे लिहूच नको’ अशी चिठ्ठी, ठोका. चक्र तुटलं, एरर गेली. तोच दस्तऐवज परत वाचल्यावर ऑर्डरीला आपला ग्राहक कोण हे सांगता येणार नाही, पण तिला कोण विचारतंय!

जन्मतारखेसाठी खुशाल जाव्हाचा जुना ‘डेट’ वापरा. त्यासोबत मध्यरात्रीचे ठोके आणि सर्व्हरचा टाइमझोनही दस्तऐवजात जातो, मग पश्चिमेकडचा सर्व्हर ती वाचून माणसाला एक दिवस आधीच जन्माला घालतो. एक्सएमएलच्या तारखांसाठीचा ‘एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर’ घेतलात तर त्यात जानेवारी म्हणजे १ आणि जाव्हाच्या साध्या ‘कॅलेंडर’मध्ये जानेवारी म्हणजे ०. दोघे एकाच घरातले, पण महिन्यावरून बोलणं नाही. एकातून दुसऱ्यात आकडा तसाच ओता.

ज्याच्याकडून मार्शलर मिळतो तो ‘जेएएक्सबीकॉन्टेक्स्ट’ दर विनंतीला नवा करा. तो बनवणं महागडं काम आहे, एकदाच बनवून सगळ्या थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) मिळून वापरायची सोयही आहे, पण मग सर्व्हर हळू का चालतो यावर मीटिंगा कशा होणार? उलट, मार्शलर थ्रेडसेफ नाही, एकाच वेळी अनेकांनी वापरला तर गडबडतो, म्हणून तोच तेवढा स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच, करून ठेवा.

जाव्हाची आवृत्ती वाढवायची वेळ आली तर जरा जपून. २००६ साली जाव्हा ६ बरोबर जेएएक्सबी घरातच आलं होतं, २०१८ साली जाव्हा ११ नं त्याला घराबाहेर काढलं. आता ते वेगळं आणावं लागतं, आणि त्यातही पॅकेजचं नाव ‘जाव्हाएक्स’चं ‘जकार्ता’ झालंय. जुनं ॲनोटेशन आणि नवी लायब्ररी एकत्र नांदवून पाहाच. क्लासवर रूटएलिमेंट ढळढळीत दिसतंय आणि लायब्ररी म्हणतेय, रूटएलिमेंट नाही! एका शब्दाच्या इम्पोर्टपायी मी अख्खी दुपार स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेण्यात घालवलीय. तुम्हीही ती का चुकवावी?

आता सगळ्यात मोलाचा सल्ला. टॅगचं नाव ॲनोटेशनमध्ये वेगळं लिहू नका, ते फील्डच्या नावावरूनच येऊ द्या. म्हणजे क्लास तुमचा आणि दस्तऐवजही तुमचाच. मग एखाद्या निवांत शुक्रवारी संध्याकाळी तुम्हाला वाटेल, ‘नग’पेक्षा ‘संख्या’ हे नाव बरं. एडिटरमध्ये रिनेम दाबा. चाळीस ठिकाणी बदल, सगळ्या टेस्ट पास, कारण टेस्टमध्ये तुमचंच एक्सएमएल तुमचाच क्लास वाचतो. दस्तऐवजातल्या <नग>चा गुपचूप <संख्या> झालेला असतो. (हो, टॅग देवनागरीत चालतात. एक्सएमएलनं १९९८ पासूनच ती मुभा दिलीय, आपणच घेत नाही.) मार्शलरला स्कीमा, म्हणजे दस्तऐवजात कुठले टॅग हवेत याची नियमावली, देऊन हे जागच्या जागी पकडता येतं. म्हणून स्कीमा द्यायचा नाही.

पलीकडची टीमही हीच लायब्ररी वापरते आणि स्कीमा त्यांनीही दिलेला नाही. त्यामुळे अनोळखी <संख्या> दिसली की लायब्ररी तोंडातून ब्र न काढता तिला वगळते. <नग> तर आलेलाच नाही, तेव्हा त्यांच्या क्लासमधला साधा ‘इंट’ (पूर्णांकाचं फील्ड) जन्मला तसाच राहतो, ०. एक्सेप्शन (एरर) नाही, लॉगमध्ये ओळ नाही. सोमवारी सकाळपासून प्रत्येक ऑर्डर व्यवस्थित पोचते, व्यवस्थित नोंदली जाते, आणि शून्य नगांचं शून्य रकमेचं बिल अगदी बिनचूक छापलं जातं.