लिबर्टेरियन आणि अराज्यवादी: फरक केवळ मात्रेचा आहे काय?

ज्याला सरकार कमी हवे तो लिबर्टेरियन आणि ज्याला ते मुळीच नको तो अराज्यवादी, म्हणजे एक वाटेत थांबलेला आणि दुसरा त्याच वाटेने शेवटपर्यंत गेलेला, असे एक विधान सध्या सर्रास केले जाते. त्याला जोडून आणखी तीन गोष्टी सांगितल्या जातात: ‘लिबर्टेरियन’ हा शब्द मुळात मुक्त बाजारपेठेच्या अमेरिकन पुरस्कर्त्यांचा आहे, खाजगी मालमत्ता दोघांनाही पवित्र आहे, आणि अराज्यवाद्याला कसलेच नियम नको असतात. ही मांडणी लक्षात ठेवायला सोपी आहे. तिची अडचण इतिहासाशी आहे.

प्रथम शब्दाविषयी. जोसेफ देजाक या फ्रेंच अराज्यवादी कामगाराने १८५७ मध्ये प्रूदाँ या प्रसिद्ध फ्रेंच अराज्यवादी विचारवंताला लिहिलेल्या पत्रात ‘लिबर्टेर’ (‘लिबर्टेरियन’चे फ्रेंच रूप) हा शब्द राजकीय अर्थाने योजला. स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीची न मानणारा प्रूदाँ अर्धामुर्धा अराज्यवादी आहे, लिबरल आहे, लिबर्टेरियन नव्हे, असा त्या पत्राचा रोख होता. म्हणजे हा शब्द घडला तोच ‘लिबरल’पासून वेगळेपण दाखवण्यासाठी. पुढच्याच वर्षी देजाकने न्यूयॉर्कमध्ये ‘ल लिबर्टेर’ हे वृत्तपत्र सुरू केले. अमेरिकेतील बाजारवाद्यांनी हा शब्द उचलला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, ‘लिबरल’ हे त्यांचे जुने नाव कल्याणकारी राज्याच्या समर्थकांकडे गेल्यानंतर. त्यांच्यापैकीच एक असलेल्या मरे रॉथबार्डने, आपल्या बाजूने हा शब्द विरोधकांकडून जिंकून घेतला, अशी कबुली समाधानाने दिली आहे. याच स्थित्यंतराची छोटी आवृत्ती मुंबईतही घडली. मुंबईचे उद्योजक रणछोडदास लोटवाला यांच्या ज्या ‘लिबर्टेरियन सोशलिस्ट इन्स्टिट्यूट’शी अराज्यवादी एम. पी. टी. आचार्य जोडलेले होते, त्याच वर्तुळातून पुढे निघालेले ‘इंडियन लिबर्टेरियन’ हे नियतकालिक मुक्त अर्थव्यवस्थेची बाजू मांडू लागले.

मालमत्तेचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण गोंधळाचे मूळ तिथेच आहे. मालमत्ता म्हणजे चोरी, असे प्रूदाँने १८४० मध्ये लिहिले, तेव्हा त्याचा रोष राहत्या घरावर किंवा सुताराच्या हत्यारांवर नव्हता. स्वतः न वापरता केवळ मालकीच्या जोरावर दुसऱ्याच्या श्रमातून भाडे, जमिनीचा खंड आणि व्याज मिळवण्याच्या हक्कावर होता. लिबर्टेरियन विचाराचा आरंभबिंदू नेमका उलटा आहे. न्याय्य मार्गाने मिळवलेल्या वस्तूवर मालकाचा पूर्ण हक्क असतो आणि राज्य त्या हक्कावर आक्रमण करते, म्हणूनच ते संशयास्पद ठरते. १९३६ च्या जुलैत बार्सेलोनाची ट्रॅमसेवा सीएनटी या स्पेनमधील अराज्यवादी कामगार संघटनेच्या कामगारांनी ताब्यात घेऊन स्वतः चालवली. अराज्यवाद्याच्या दृष्टीने ती मुक्ती होती, तर लिबर्टेरियनाच्या दृष्टीने उघड लूट. दोघांत केवळ मात्रेचा फरक असता, तर एकाच घटनेचे इतके विरुद्ध निवाडे निघाले नसते.

लिबर्टेरियन ‘वाटेत थांबतो’, हेही अर्धसत्य आहे. रॉबर्ट नोझिक या अमेरिकन लिबर्टेरियन तत्त्वज्ञाने १९७४ च्या आपल्या ग्रंथात अराज्यवाद्याचा आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला आणि कोणाचेही हक्क न मोडता किमान राज्य, म्हणजे केवळ संरक्षणापुरते राज्य, उभे राहू शकते, असा युक्तिवाद केला. तो दमून थांबलेला प्रवासी नव्हता, त्याला जायचेच तिथे होते. याउलट रॉथबार्ड खरोखरच शेवटपर्यंत गेला आणि पोलीस व न्यायालयेही बाजारावर सोपवावीत, असे म्हणू लागला. मात्र तिथेही घरमालक आणि कारखानदार यांची सत्ता अबाधित राहते, त्यामुळे परंपरागत अराज्यवादी या व्यवस्थेला राज्याचे पाडलेले तुकडे म्हणतात, आणि मला तो आक्षेप बिनतोड वाटतो.

नियमांविषयीचा गैरसमज ‘अराजक’ या शब्दानेच पोसला आहे, म्हणून मराठीत ‘अराज्यवाद’ म्हणणे बरे. रशियन अराज्यवादी क्रोपोत्किन वेगवेगळ्या कंपन्यांनी केवळ आपापसांतील करारांवर जोडलेल्या युरोपच्या रेल्वेमार्गांचे उदाहरण देत असे; त्याला नियम हवे होते, वरून लादणारा नको होता.

तरीही दोघांत काहीच सामाईक नाही, असे म्हणणे तितकेच चुकीचे ठरेल. युद्ध, सक्तीची सैन्यभरती आणि सेन्सॉरशिप यांना दोन्ही परंपरांनी विरोध केला आहे. बेंजामिन टकर तर अगदी सीमेवर उभा आहे: १८८१ ते १९०८ पर्यंत ‘लिबर्टी’ हे नियतकालिक चालवणारा हा अमेरिकन मुक्त स्पर्धेचा कट्टर समर्थक होता, आणि तरी पैसा, जमीन, जकात व पेटंट यांवरील मक्तेदाऱ्या मोडल्या की व्याज आणि खंड नाहीसे होतील, असे मानून स्वतःला समाजवादी म्हणवत असे. अमेरिकेच्या लिबर्टेरियन पक्षातही हा तंटा मिटलेला नाही. राज्य मुळात असावे की नसावे, यावर जाहीरनाम्याने मौन पाळावे, असा समेट १९७४ मध्ये डॅलस येथे करावा लागला.

अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई स्वतःला तत्त्वतः अराज्य-भांडवलवादी, म्हणजे रॉथबार्डच्या वाटेचे, म्हणवतात. त्याच देशातील एफओआरए या कामगार महासंघाने १९०५ मध्ये राज्य आणि खाजगी मालकी दोन्ही नाकारणाऱ्या अराज्य-साम्यवादाचा पुरस्कार करणारा ठराव केला होता. दोघांच्या शत्रूंच्या याद्या शेजारी ठेवल्या, तर ‘राज्य’ ही नोंद दोन्हीकडे सापडेल. ‘मालक’ ही नोंद मात्र एकाच यादीत असेल.