आमची थट्टा आणि तिची व्युत्पत्ती

आमच्या घरात माझी थट्टा पूर्वी मराठीत होत असे आणि त्याने माझे फारसे बिघडत नसे. टोमणा कोणता, चिमटा कोणता आणि बिनपाण्याने केलेली हजामत कोणती, हे ओळखायला मला कधी शब्दकोश उघडावा लागला नाही. पण मुलीने बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतले आणि ही सुरळीत चाललेली व्यवस्था कोलमडली. आता आधी थट्टा होते, मग ती मला समजली नसल्याचे जाहीर केले जाते आणि शेवटी माझ्यादेखत तिच्या जातीवरून भावंडांत वाद होतो. "बाबा, तो सरकॅझम होता." "छे, ती आयरनी होती. सरकॅझम दादाने केला, तू चहा सांडलास तेव्हा." गुन्हा कोणत्या कलमाखाली घडला, हे कळण्याचा हक्क निदान फिर्यादीला तरी असावा, एवढ्याच माफक हेतूने मी या शब्दांची कुळे धुंडाळायला घेतली.

पहिलाच शब्द अंगावर आला. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा मूळ अर्थ कुत्र्यांप्रमाणे मांस ओरबाडणे असा होता. पुढे रागाने ओठ चावणे आणि त्याहून पुढे कडवट बोलणे, अशी त्याची बढती झाली आणि सोळाव्या शतकात 'सरकॅझम' इंग्रजीत दाखल झाला. 'सार्कोफॅगस' या दगडी शवपेटीच्या नावातही हेच मांस आहे. त्या नावाचा अर्थच 'मांसभक्षक', कारण एका जातीचा चुनखडीचा दगड आतले प्रेत खाऊन टाकतो, अशी जुन्या लोकांची समजूत होती. म्हणजे मी मोबाइलवर एका बोटाने 'ळ' शोधत असताना "वा बाबा, काय स्पीड आहे!" असे जे म्हटले जाते, ते शब्दशास्त्राच्या दृष्टीने लचके तोडणे आहे. ही माहिती मी रात्री जेवताना गंभीरपणे सांगितली. "अरे बापरे, किती भयानक," असे मुलगी म्हणाली, आणि ते कोणत्या कलमाखाली म्हणाली याचा मी आजही विचार करतो आहे.

आयरनीचे, म्हणजे बोलायचे एक आणि सुचवायचे उलटेच या प्रकाराचे, मूळ त्या मानाने सोज्ज्वळ आहे, पण फसवे. ग्रीक सुखान्तिकेत 'आयरॉन' नावाचे एक ठरावीक पात्र असे. ते आपल्याला काही कळत नसल्याचे सोंग घेई आणि समोरच्या बढाईखोर पात्राला बोलते करून तोंडघशी पाडी. सॉक्रेटिसची "मला काहीच ठाऊक नाही, तुम्हीच सांगा" ही पद्धतही याच नावाने ओळखली जाते. "बाबा, तुमच्या वेळी एसटीचं रिझर्व्हेशन कसं करायचे रे?" असे मुलगी अत्यंत निरागस चेहऱ्याने विचारते आणि मी पाऊण तास सांगत राहतो, तेव्हा त्या नाटकातले दुसरे पात्र कोणाच्या वाट्याला आलेले असते, हे सांगायला नको.

'सटायर', म्हणजे उपहासात्मक लेखन, मात्र चक्क शाकाहारी निघाला. लॅटिनमधली 'सातुरा' म्हणजे नाना तऱ्हेच्या फळांनी भरलेले तबक आणि त्यावरून सरमिसळ मजकुराचे काव्य. अनेक वर्षे पंडित त्याचा संबंध बकऱ्याच्या पायांच्या 'सॅटर' या वनदेवतांशी जोडत होते. तो गैरसमज ईझाक काझोबाँ या विद्वानाने 1605 साली निस्तरला. 'लॅम्पून', म्हणजे एखाद्याची लेखी टर उडवणे, हे फ्रेंच पिण्याच्या गाण्यांतल्या 'लांपों', म्हणजे 'चला, ढोसू या', या पालुपदावरून आले असे मानतात. आमच्याकडे हे दोन्ही प्रकार होत नाहीत, कारण दोन्हींना लिहिण्याचे कष्ट पडतात.

मुलाची तऱ्हा निराळी. तो बोलत नाही, नुसता हसतो आणि त्या हसण्याला 'सार्डोनिक' म्हणतात असे मला सांगण्यात आले. कुत्सित हसण्याचा हा शब्द थेट ग्रीक महाकवी होमरपर्यंत जातो. त्याच्या महाकाव्यात भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्याच घरी बसलेल्या नायकाला, ओडिसियसला, एक उर्मट पाहुणा बैलाचा खूर फेकून मारतो. ओडिसियस डोके जरासे बाजूला करून तो चुकवतो आणि मनातल्या मनात तसले हसतो. पुढच्या ग्रीकांनी या शब्दाचा संबंध सार्डिनिया बेटाशी जोडला. तिथली एक वनस्पती खाल्ली की चेहरा हसल्यासारखा आकसतो आणि माणूस मरतो, अशी त्यांची माहिती होती. 2009 साली इटलीतल्या संशोधकांनी ती वनस्पती कोणती असावी हेही दाखवून दिले आणि ती निघाली आपल्या कोथिंबिरीच्या कुळातली. या एकाच शब्दात यातना हसणाऱ्याला होतात, हे वाचून मला फार बरे वाटले. तेव्हापासून पोह्यांवर कोथिंबीर पसरताना मी मुलाच्या चेहऱ्याकडे आशेने पाहतो.

मी चिडलो की दोघेही एकमुखाने म्हणतात, "चिल बाबा, बँटर आहे हे." सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात खेळीमेळीच्या थट्टेचा हा शब्द लंडनच्या बोलीत उगवला आणि तो कुठून आला हे कोणालाच सांगता आलेले नाही. जोनाथन स्विफ्टसारख्या उपहासाच्या महामेरूला तो इतका खुपत होता की, 'मॉब' आणि 'बँटर' या शब्दांना आवरण्याची मी वर्षानुवर्षे शिकस्त केली, पण समोरच्यांच्या संख्येपुढे हरलो, असे त्याने 1710 मध्ये लिहून ठेवले. सॅम्युएल जॉन्सनने तर आपल्या 1755 च्या कोशात त्याला रानटी ठरवले. जबाबदारी झटकायला याहून सोयीचा शब्द मिळणार नाही. ज्याचे आईबापच ठाऊक नाहीत, त्याची तक्रार घेऊन जायचे तरी कोणाकडे?

पण खरा आनंद मला 'टीझ' आणि 'हेकल' या जोडीने दिला. जुन्या इंग्रजीत 'टीझ' म्हणजे लोकर पिंजणे. पिंजाऱ्याच्या हाती सापडलेल्या लोकरीचे जे होते, ते त्या शब्दातून पुढे माणसाचे होऊ लागले. 'हेकल' ही लोखंडी दातांची फणी. आपण ज्याच्या बियांची चटणी करतो, त्या जवसाच्या झाडाचे तंतू तिच्यातून ओढून विंचरत असत. उमेदवाराला भर सभेत आडवेतिडवे प्रश्न विचारून त्याचे तंतू सुटे करणे, हा अर्थ स्कॉटलंडमध्ये रुजला. तिथल्या डंडी शहरातले फणीकामगार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जहाल मतांसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्यातला एकजण त्या दिवसाच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवी आणि बाकीचे हात न थांबवता त्यावर कडाकडा भांडत, असे सांगतात.

रविवारी सकाळी वर्तमानपत्र बाजूला ठेवून हा सगळा इतिहास मी घरच्यांना रंगवून सांगितला. सौभाग्यवती मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे एकजण पेपर वाचत बसणार आणि बाकीचे सगळे राबणार. अहो, हे बघायला डंडीपर्यंत कशाला जायला हवं?"

मेथी निवडणारे बाकीचे दोघे खदाखदा हसले. मी मात्र अभ्यासकाची शिस्त सोडली नाही. मराठीत झालेल्या या प्रकाराला इंग्रजीत नेमके काय म्हणावे, टीझ, टाँट की हेकल, असे मी मुलीला रीतसर विचारले.

"फॅक्ट म्हणतात त्याला, बाबा," ती म्हणाली.