तारीख अलीकडे, खोल्या तेवढ्याच

पुतणीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं, ते फेब्रुवारीवर आलं. मुलाकडच्यांना सोलापूरचं ऊन सोसणार नाही म्हणे. त्यांचं चुकलं असं नाही. मे महिन्यात आमची आम्हालाच दया येते. पण वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, जिना, संडास-बाथरूम हे सगळं मे धरून बांधायला काढलेलं. एखादी खोली पुढे ढकलू, असं मी सुचवलं. आई म्हणाली, "तारीख बदलली, पाव्हणे कमी झाले का?"

वधूपिता दादा पुण्यात आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. त्याने फोनवर उपाय सांगितले. क्रॅशिंग, म्हणजे पैसा ओतून माणसं वाढव. आणि फास्ट ट्रॅकिंग, म्हणजे एकामागून एक व्हायची कामं एकदमच सुरू कर. मात्र आधी क्रिटिकल पाथ शोध, ज्या कामांच्या साखळीत एका दिवसाचीही सवड नसते ती. मी हे मिस्त्रींना सांगितलं.

"आमच्यात तिला स्लॅब म्हणत्यात, मालक."

स्लॅबवर आळी करून निदान सात दिवस पाणी धरावं लागतं, कोरड्या उन्हात दहा. ताकद मोजायची ती 28 दिवसांनी. त्यात आमच्या नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणजे टँकर आला. पैसा ओतला तो असा.

माणसंही वाढवली. नवे बिगारी सकाळी वाळूच्या ढिगावर ओळीने बसले, कारण शिडी एकच. घमेली कुठंय, चाळण कुठंय हे दाखवण्यात मिस्त्रींची दुपार झाली. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो, हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 साली लिहून ठेवलंय. मिस्त्रींनी ते चहाचे कप मोजून सांगितलं.

फास्ट ट्रॅकिंगमध्ये खाली रंगारी आणि वर पाइपसाठी भिंत फोडणारा प्लंबर एकाच दिवशी आले. जिन्याजवळच्या ओल्या ऑइलपेंटवर धूळ बसून भिंत शेंगाचटणीसारखी रवाळ झाली. बायको म्हणाली, "राहू दे, टेक्श्चर म्हणून सांगू."

फायदा झाला तो ग्रिल-दारांच्या बाबतीत. स्लॅबवर पाणी होतं तेवढ्यात मापं देऊन टाकली आणि ते काम तिकडे फॅब्रिकेटरकडे होत राहिलं. दादाने लगेच श्रेय घेतलं. घेऊ दे, टँकरचं बिल त्यालाच पाठवलंय.

परवा आई नव्या जिन्याने सावकाश वर आली, सगळं पाहिलं आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यात एक देवघर निघेल की."

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली. "काढू की आजी. कुणाच्या लग्नापर्यंत?"