परदेशात आजारी पडायचंय? ऐका राजेहो!

पोरीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालात? वा! डिंकाचे लाडू, कुरडया बांधल्याच असतील. आता तिकडं जाऊन आजारी कसं पडायचं तेही शिकून घ्या. मी नुकताच पडून आलोय.

आधी, सगळ्यात स्वस्त पॉलिसी घ्या. एजंट म्हणेल, "काका, पन्नास हजार डॉलरचं कव्हर आहे." त्या आकड्यावर खूश व्हा. आतली पानं उघडू नका, उगाच डोळ्यांना त्रास.

बीपीची गोळी चालू असेल तर खरं सांगा. खोटं सांगितलं तरी चालेल. निकाल एकच लागतो.

दुखणं नवं कोरं निवडा. जुनं चालत नाही. साठीनंतर जुन्या शरीरात नवं दुखणं सापडणं जरा कठीण, पण प्रयत्न सोडू नका.

आणि दुखायचंच तर रात्री दुखा. मला दोन वाजता छातीत कळ आली. गावात असतो तर ओवा चघळला असता, नाहीच थांबली तर सकाळच्या एसटीनं सेवाग्रामचा दवाखाना. पण पोर घाबरली, ९११ लावला, तिकडचा इमर्जन्सीचा नंबर. दवाखान्यानं एक पैसा न मागता आत घेतलं. तिकडं १९८६ चा कायदाच आहे, इमर्जन्सीत आलेल्याला विमा असो-नसो, तपासल्याशिवाय परत धाडता येत नाही. मला भरूनच आलं, काय माणुसकी! ती माणुसकी तीन आठवड्यांनी पोस्टानं घरी आली. दवाखान्याचं बिल वेगळं, डॉक्टरचं वेगळं, अ‍ॅम्ब्युलन्सचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं. त्या गृहस्थाचं तोंडही मी पाहिलेलं नाही! एकूण ८,४०० डॉलर. डॉलर पंच्याऐंशीचा धरा आणि कापूस २०२५-२६ च्या ८,११० हमीभावानं, तर ८८ क्विंटल. माझ्या पाच एकरांत दोन वर्षांत एवढा निघत नाही बाप्पा. आणि दुखणं काय? पित्त! डॉक्टरनं लिहून दिलं, हृदय ठणठणीत. कंपनीचं पत्र आलं: छातीचं दुखणं बीपीमुळे, बीपी आधीपासूनचा, दावा नामंजूर. काहून? पित्ताला बीपी होतो का? बरं, दावा मंजूर झाला असता तरी ही पॉलिसी ठरावीक रकमेची. दर तपासणीला ठरलेले चार डॉलर त्यांचे, बाकी आपले.

पीकविम्यात "७२ तासांत नुकसान कळवलं नाही" म्हणून हात वर करणारे इथं भोगले. तिकडं तेच टाय लावून भेटले.

अरे, लाज कशी वाटत नाही? म्हाताऱ्या माणसाला बीपी-शुगर वगळून विमा विकता, मग विकता काय, कागद? आणि पोरांनो, तुम्ही हजार डॉलरचा फोन वापरता आणि बापाच्या पॉलिसीत शंभर डॉलर वाचवता? तिथल्या धर्मादाय दवाखान्यांना बिलात सवलतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, अर्ज करायचा असतो, बाबीनिहाय बिल मागायचं असतं. हे आम्हाला दुसरी नोटीस आल्यावर कळलं, तेही शेजारच्या बाईकडून. दहा वर्षं तिथं राहून काय केलं मग?

एजंट परवा आठवडी बाजारात सापडला. वांगी निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, पुढच्या वेळी प्लॅटिनम घ्या."