ट्यूब संपेपर्यंत घाबरू नका

जांघेत खाजतंय ना? लाजू नका हो, जून ते सप्टेंबर देवगडपासून श्रीवर्धनपर्यंत अख्खी किनारपट्टी खाजवतच असते, फक्त बोलत कोणी नाही. कपडे वाळत नाहीत, चुलीवरच्या दोरीला टाकलेली चड्डी धुराचा वास घेऊन अर्धी ओलीच अंगावर चढते, वरून ती टाइट जीन्स, मग गजकर्ण नाही होणार तर काय होणार. घरात टाकळ्याचा पाला वाटून लाव म्हणणारी आजी असेल तर तिला आधी गप्प बसवा. आपण शिकलेली माणसं, आपण स्टिरॉइड क्रीमची ट्यूब लावायची.

आता चिठ्ठीशिवाय कशी मिळणार असं विचारू नका, तुम्ही काय परदेशात राहता का. आणि चिठ्ठी हवीच असेल तर वाडीत कोणाकडे तरी असतेच. भावोजींच्या हाताला दोन वर्षांपूर्वी एक्झिमा झाला होता, तेव्हा डॉक्टरने दहा दिवसांसाठी क्लोबेटासोल नावाचं जोरदार स्टिरॉइड लिहून दिलं होतं, ती चिठ्ठी त्यांनी लॅमिनेट करून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलीय. तिच्यावर आत्तापर्यंत सासऱ्यांची मान, शेजारच्या पोराची मांडी आणि मुंबईहून गणपतीला आलेल्या चुलत भावाची काख एवढं सगळं बरं झालंय. म्हणजे बरं झालं आणि परत आलं, पण बरं झालं होतं हे तर कोणी नाकारत नाही ना.

खोक्यावर लाल रेघ असेल, तिला डिझाइन समजा. 2018 साली सरकारने बरीच स्टिरॉइड क्रीमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, पण सरकारला काय माहीत तुम्हाला रात्री कशी खाज सुटते ते. आतल्या कागदाचं पण तेच. तो एवढ्या बारीक अक्षरात छापतात म्हणजे वाचू नये अशीच त्यांची इच्छा असणार. चुकून वाचलात तर उगाच कळेल की क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांच्या वर आणि आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर वापरायचं नाही, चेहरा, काख, जांघ इथे लावायचं नाही, बाळाच्या डायपरखाली तर नाहीच नाही, कारण वरून झाकलं की औषध जास्त आत जातं. मग लावायचं तरी कुठे? भिंतीला?

किती लावायचं ते पण डॉक्टर सांगतात, मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकाच्या पेराएवढी रेघ, साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात दोन तळव्यांएवढी जागा भागते. असला चिक्कूपणा आपल्याला शोभत नाही. पोळीला तूप लावतात तसं सढळ हाताने लावा. जांघेत तर जास्तच लावा, तिथली कातडी पातळ आणि सदा घामेजलेली, औषध कसं पटापट आत जातं. 1967 साली दोन अमेरिकन संशोधकांनी मोजून बघितलं होतं, वृषणाची कातडी कोपर ते मनगट या भागातल्या कातडीपेक्षा 42 पट हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे एक सौम्य स्टिरॉइड, शोषून घेते. 42 पट! आणि पैसे तेवढेच! आणि ते हायड्रोकॉर्टिसोन बिचारं साधं होतं हो, तुमच्या हातातलं क्लोबेटासोल त्याच्यापुढे पैलवान.

दुसऱ्या दिवशी चमत्कार. खाज गायब, लाली गायब, तुम्ही मेडिकलवाल्याला देव मानायला मोकळे. कोणी स्किनचा डॉक्टर मध्येच सांगेल की स्टिरॉइडने बुरशी मरत नाही, तिच्याशी लढायला शरीराने जी सूज आणली होती तीच फक्त दबते, लढणारे झोपतात आणि बुरशी निवांत पसरते. ऐकू नका. गोल चट्ट्याची कड पुसट होऊन तो ओळखूच येईनासा झाला, आकार वेडावाकडा झाला, पोटावर गेला, पाठीवर गेला, तर समजा औषध अंगात छान फिरतंय. ट्यूब थांबवली की दुप्पट खाज सुटते? मग थांबवताच कशाला.

पाच-सहा महिन्यांनी जांघेत लाल-जांभळे पट्टे दिसायला लागतील, बाळंतपणानंतर पोटावर दिसतात ना, तसे. घाबरू नका, रंग हळूहळू फिका होतो. पट्टे मात्र जात नाहीत, आयुष्यभर राहतात, एवढी टिकाऊ वस्तू तुम्ही दुसरी कुठली घेतलीय सांगा.

मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं असेल तर तिच्यासाठी वेगळी ट्यूब. रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, कातडी सोलणारं ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं तिहेरी मिश्रण, 1975 साली क्लिगमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या नावाने गाजलेला फॉर्म्युला. तो वांगासाठी होता, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली, पण वांग नसलेल्या पोरीला लावू नये असं थोडंच आहे. पंधरा दिवसांत गोरी दिसायला लागते, काकी विचारतात काय लावतेस गो, आणि पोरगी लाजून सांगते काय नाय, बेसन. पुढे गालावर बारीक शिरा दिसायला लागतील, पुळ्या येतील, हनुवटीवर लव वाढेल, आणि मे महिन्याच्या उन्हात नुसतं बंदरावर मासे आणायला गेली तरी तोंड भाजल्यासारखं होईल. एक दिवस ट्यूब लावली नाही तर चेहरा लालभडक. पण तोवर लग्न झालेलं असेल, फोटो आलेले असतील, पुढचं सासरचे बघतील.

कोणी फारच मागे लागलं तर जा डॉक्टरकडे. तालुक्याला स्किनचे डॉक्टर आठवड्यातून एकदा बसतात, एसटीची वाट बघत जा, पण जायच्या आधी रात्री ट्यूब लावूनच जा म्हणजे चट्टा नीट दिसणार नाही. काय लावलं का आधी? काहीच नाही हो, खोबरेल. ते कातडी खरवडून काचेवर घेतील, सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, आणि वैतागून सांगतील की स्टिरॉइड बंद, बुरशीच्या गोळ्या काही आठवडे, खाज गेली तरी मध्येच सोडायच्या नाहीत, टॉवेल वेगळा, ज्याला ज्याला खाजतं त्याला एकदमच उपचार, कपडे कडक वाळवा. कडक वाळवा! श्रावणात! हा माणूस नक्की घाटावरचा.

मान डोलवा, गोळ्या चार दिवस खा, फरक नाही पडला म्हणून सोडा आणि स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये सांगा की डॉक्टरचं औषध सूट नाही झालं.

आणि डॉक्टरांनी पुढच्या वेळेला ती जुनी ट्यूब घेऊन या, बघू द्या म्हटलं तर सांगा, ती सध्या आमच्या वहिनीकडे आहे, तिच्या बाळाला डायपरचा रॅश आलाय, मीच दिली, म्हटलं लाव गो, काय एक होवचा नाय.