सातबारा दुरुस्त होतो, मग डिस्चार्ज बुक का नाही?

"पेन्शन वेळेवर येते, कॅन्टीनचं कार्ड आहे, ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) औषधं आहेत. आता त्या पदकाचं काय लोणचं घालायचंय?"

पुतण्याने भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकलं आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. विषय अण्णांचा होता. अण्णा म्हणजे माझे धाकटे चुलते, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचे, नाईक म्हणून निवृत्त झालेले. १९७१ च्या डिसेंबरात ते पूर्व आघाडीवर होते. त्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीवेळी मिळालेल्या नोकरीच्या नोंदवहीत, संग्राम मेडल आहे, पंचविसाव्या स्वातंत्र्यदिनाचं मेडल आहे. पूर्व आघाडीवर असलेल्यांसाठीचं 'पूर्वी स्टार' हे पदक मात्र नाही. त्यासाठी ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज देतात, तिथून कागद रेकॉर्ड ऑफिसला जातो, आणि काही महिन्यांनी उत्तर येतं की उपलब्ध नोंदींत तसं काही आढळत नाही. मग अण्णा पुन्हा अर्ज देतात.

लोणच्याच्या खाली आणखी एकाने भर घातली: "अमेरिकेत बघा, जवान विमानतळावर उतरला की लोक उभं राहून टाळ्या वाजवतात." म्हणजे एकीकडे अण्णांची टिंगल आणि दुसरीकडे अमेरिकेचं कौतुक, तेही एकाच दमात. माझं डोकं फिरलं ते या दुसऱ्या वाक्याने.

टाळ्यांचं मला सांगू नका. मी सेंट लुईसला राहतो. कार्डिनल्सची बेसबॉल मॅच असली की मध्येच एका निवृत्त सैनिकाला पडद्यावर दाखवतात, सुमारे पंचेचाळीस हजारांचं स्टेडियम उभं राहतं, आणि तीस सेकंदांनी सगळे परत आपापल्या नाचोजकडे वळतात. लोज (Lowe's) या घरसामानाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये त्यांच्यासाठी दरवाजाजवळची जागा राखलेली असते. "थँक यू फॉर युअर सर्व्हिस" हे वाक्य इथे "हाऊ आर यू" इतक्याच सहजपणे फेकलं जातं. त्यातलं काही उचलून आणायची गरज नाही. उचलायचं असेल तर दुसरं काही आहे, आणि ते माझ्या इथल्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर घडलेलं आहे.

इथल्या पेज ॲव्हेन्यूवर, ओव्हरलंड नावाच्या उपनगरात, सैनिकांच्या फायली ठेवायची सहा मजली सरकारी इमारत होती. १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर तिच्या सहाव्या मजल्याला आग लागली. कागदांच्या त्या मजल्यावर स्प्रिंकलर नव्हते. आग पूर्ण विझली असं जाहीर व्हायला चार दिवस लागले. एक कोटी साठ ते ऐंशी लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के लोकांची नोंद त्यात होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती, कोणाची फाइल होती आणि कोणाची नाही याची यादीसुद्धा नव्हती. जे कागद वाचले ते पाण्याने चिंब, आणि मिझुरीचा जुलै म्हणजे आपल्या कोकणासारखा दमट. बुरशी धरायला वेळ लागत नाही. तेव्हा हे ओले गठ्ठे मॅकडॉनल डग्लस या विमान कंपनीच्या निर्वात कक्षांत नेऊन वाळवले. अंतराळातल्या परिस्थितीच्या चाचण्यांसाठी बांधलेल्या कक्षांत सैनिकांची हजेरीपत्रकं वाळत होती! कडा जळालेल्या त्या फायली आजही जपून हाताळल्या जातात.

पुढचं महत्त्वाचं. ज्याची फाइल जळली त्याला "नोंद आढळत नाही" म्हणून वाटेला लावायचं नाही असं ठरलं. पगाराच्या पावत्या, तुकडीचे रोजचे हजेरी-अहवाल, लष्करी दवाखान्यात भरती झाल्याच्या नोंदी, पेन्शन खात्याकडे आधी केलेले दावे, जे मिळेल त्यावरून माणसाची नोकरी पुन्हा उभी करायची पद्धत बसवली. सगळ्यांना न्याय मिळाला असं मी म्हणत नाही. पण नोंद हरवली ती सरकारच्या ताब्यात असताना, तेव्हा शोधायची जबाबदारीही सरकारची, एवढं तरी मान्य केलं.

आमच्याकडे जबाबदारी अण्णांची.

माझ्या शेजारी एक म्हातारा राहतो, व्हिएतनामला जाऊन आलेला. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनेच्या हॉलमध्ये फिश फ्राय असतो, तिथे तो मासे तळायला उभा असतो. त्याचा डीडी २१४, म्हणजे लष्करातून सुटल्याचा दाखला, मी पाहिलाय: दाटीवाटीच्या चौकोनांचा फॉर्म, टाइपरायटरची अक्षरं ओळीवरून किंचित वर सरकलेली, आणि पदकांच्या २४ नंबरच्या चौकोनात जेमतेम दीड ओळ. १९७० साली परत आल्यावर एका केंद्रात रात्रीतून सगळ्यांचे कागद उरकले. कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला, याने सही केली आणि घर गाठलं. वाचलं कोणी? विशीतल्या पोराला घरी जायचं होतं. शिवाय त्याच्या तुकडीला दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने दिलेल्या सन्मानाचा आदेश निघाला १९७४ मध्ये. चार वर्षं आधी टाइप केलेल्या कागदावर तो येणार कसा? पदकांच्या नोंदी चुकतात त्या बहुधा अशाच. कुणाची दुष्टाई नसते. माणूस आधी घरी पोचतो आणि आदेश मागाहून निघतो.

त्याच्या दुरुस्तीचा अर्ज मी भरला. त्याच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप ठेवून. फी नाही, वकील नाही. तुकडीचा सन्मान आणि मोहिमांचे तारे मिळाले. डीडी २१५ नावाचा एक पानी कागद आला, तो मूळ फॉर्मला जोडायचा. पर्पल हार्ट, म्हणजे लढाईत जखमी झालेल्याला मिळणारं पदक, मात्र नाकारलं. त्याच्या पोटरीत लोखंडाचा तुकडा होता आणि तो मेडिकने तिथेच झाडाखाली काढला. नियम तीन गोष्टी मागतो: जखम शत्रूच्या कारवाईत झालेली असावी, उपचार वैद्यकीय माणसाने केलेले असावेत, आणि त्या उपचाराची सरकारी नोंद असावी. झाडाखाली नोंदवही कोणी ठेवत नाही. जेफरसन बॅरॅक्सच्या लष्करी दफनभूमीत त्याच्या बायकोच्या दगडाची मागची बाजू त्याच्यासाठी मोकळी आहे, आणि पर्पल हार्ट कागदावर असेल तरच तिथे कोरतात. म्हणून त्याला ते हवं होतं. पत्र वाचून त्याने मला एक बडवायझर दिली आणि गवत कापायला निघून गेला.

हा भाग मी ग्रुपवर सांगितला नव्हता. माझ्या मुद्द्याला तो सोयीचा नव्हता, हे कबूल. पण मुद्दा त्याने मोडतही नाही. इथे १९४६ पर्यंत लष्करी नोंदीतली चूक दुरुस्त करायची तर काँग्रेसमध्ये त्या एका माणसापुरतं विधेयक आणावं लागे. त्या वर्षीच्या कायद्याने ते बंद केलं आणि सैन्यदलांसाठी दुरुस्ती मंडळं निर्माण झाली, त्यांत सभासद मुलकी, वर्दीतले नाहीत. चूक दुरुस्त करा किंवा अन्याय दूर करा, असे दोन वेगवेगळे शब्द त्या कायद्यात आहेत. अर्जाची मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षं, पण न्यायासाठी गरज वाटली तर ती माफ करता येते. त्यामुळे पन्नास-पन्नास वर्षांनी अर्ज येतात आणि ऐकले जातात. शेजाऱ्याला नकार मिळाला तोही कारणं लिहून मिळाला, कुठला पुरावा पाहिला हे सांगून. अण्णांना आलेलं प्रत्येक उत्तर दोन ओळींचं आहे.

आमच्याच भागातल्या एल्सी शेमिन-रॉथ यांचं उदाहरण मी पुतण्याला दिलं. त्यांचे वडील विल्यम शेमिन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढले, गोळ्या झेलत जखमी सोबत्यांना ओढून आणलं. ज्यू असल्यामुळे मोठं पदक डावललं गेलं असं लेकीचं म्हणणं होतं. वडील गेल्यावर बाईंनी पिच्छा पुरवला, अशी जुनी प्रकरणं पुन्हा तपासता यावीत म्हणून कायद्यात तरतूद करून घेतली, आणि २ जून २०१५ ला व्हाइट हाउसमध्ये वडिलांचं मेडल ऑफ ऑनर, इथलं शौर्याचं सर्वोच्च पदक, आपल्या बहिणीसह स्वीकारलं. लढाई १९१८ ची होती. तिला कोणी विचारलं नाही की बाई, आता या पदकाचं काय करणार?

पुतण्या काही कच्चा नाही. त्याने ब्रिगेडियर देविंदर सिंगांचं प्रकरण काढलं. कारगिलच्या वेळी बटालिक भागात लढलेल्या या अधिकाऱ्यावर वरिष्ठांनी लिहिलेल्या नोंदींत अन्याय झाला, हे २०१० मध्ये आपल्याच सशस्त्र दल न्यायाधिकरणाने मान्य केलं आणि त्या नोंदींत दुरुस्ती करायला सांगितलं. "आपल्याकडेही होतं, काका." होतं ना. ब्रिगेडियरचं होतं. २००७ च्या कायद्याने आलेलं न्यायाधिकरण हे शेवटी कोर्ट आहे. समोर भारत सरकार, बाजूला वकील, हातात तारीख. नाईक पदावरून निवृत्त झालेल्या आणि गुडघे गेलेल्या माणसाने मुंबईच्या खंडपीठापुढे आपल्याच सरकारविरुद्ध उभं राहायचं, तेही एका ताऱ्यासाठी? अण्णांना सरकारशी भांडायचंच नाही. ते मला फोनवर म्हणाले, "मी तिथं हुतो का न्हवतो, एवढं सरकारानं लिवावं. बास." बाजारात मिळतं तसलं पदक आणून लावा असं कोणीतरी त्यांना सुचवलं होतं. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

आणि खरं सांगू का, आमच्या भावकीने नोंदीची थट्टा करावी हे जरा जास्तच झालं. याच ग्रुपवरच्या मंडळींनी ओढ्याकडच्या दोन गुंठ्यांसाठी तलाठ्याच्या दारात चपला झिजवल्यात. फेरफार, हरकत, प्रांताकडे अपील, मोजणी, पुन्हा मोजणी. तिथे पीक म्हणाल तर बाभळी. तेव्हा कोणी म्हणालं नाही की खायला मिळतंय ना, मग सातबाऱ्यावर नाव कशाला. तिथे सगळ्यांना बरोबर कळतं की नाव म्हणजे काय. अण्णांचा ओढ्याकडचा तुकडा पूर्व बंगालात होता एवढाच फरक. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात आणि छाती फुगवतात. पहिल्या महायुद्धापासून घराघरांतून माणसं गेली त्याची. अभिमान गावाचा चालतो, एका माणसाने आपल्या वाट्याचा मागितला की तो हट्ट होतो.

पर्पल हार्टचा भाग सोडून हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, जरा जास्तच तिखट करून. पुतण्याचं उत्तर आलं: "काका, तुमचं नाव तरी कुठं आहे सातबाऱ्यावर?"

नाही. वडील गेले तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही केली. रेशनकार्डातून नाव त्याआधीच कमी झालं होतं, मतदारयादीतून नंतर. इथली नागरिकत्वाची शपथ घेतली आणि भारतीय पासपोर्ट परत केला. बदल्यात ओसीआयचं निळं कार्ड आलं, ते दाखवून मी माझ्याच देशात आयुष्यभर येऊ-जाऊ शकतो. यातलं काही कोणी माझ्याकडून हिसकावून घेतलं नाही. सगळं मी मागून, फी भरून, रांगेत उभं राहून केलंय. तरी गावच्या कुठल्याच कागदावर मी नाही हे पुतण्याने चारचौघांत लिहिल्यावर मला दिवसभर काही सुचलं नाही. अण्णांच्या कागदाबद्दल मी इतका का तडकतो, याचं उत्तर थोडंफार तिथे असावं.

शेजाऱ्याचा अर्ज मी भरला आणि अण्णांच्या कागदांना माझा हात लागलेला नाही, हेही पुतण्याने ऐकवलं. त्याला कारण आहे. इथला फॉर्म मला वाचता येतो; कुठल्या चौकोनात काय लिहिलं की पलीकडचा माणूस हलतो हे आता अंगवळणी पडलंय. पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदींचा लष्करी आदेश) कुठल्या तारखेची, तुकडीची वॉर डायरी कोणाकडे मागायची, साताऱ्याच्या कार्यालयात कुठल्या टेबलाशी बसायचं, यातलं मला काहीही माहीत नाही. पुतण्याला माहीत आहे. लोणच्याची भाषा करणारा तोच, आणि दर खेपेला अण्णांना गाडीवर मागे बसवून साताऱ्याला नेणाराही तोच. "मी नेतो म्हणून मी बोलतो," असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. नेणाऱ्याला कंटाळा यायचा हक्क आहे, हसायचा नाही.

तर आता अण्णांच्या सोबत तेव्हा असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडायची असं पुतण्याने ठरवलंय. एक कराडचे, ते तयार आहेत. दुसरे गडहिंग्लजकडचे, त्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता. ते काम त्याने माझ्यावर टाकलं: "तुम्ही नेटवर दिवसभर असता, शोधा." गावाकडे विचारत विचारत एवढं कळलं की त्यांचा नातू डॅलसला नोकरीला आहे. तिथल्या मराठी मंडळातल्या एकाकडून त्याचा नंबर मिळवून मेसेज टाकलाय. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून नाही.