‘ऑर्डरचा माल’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका नमस्कार, हॉलिवूडचा पटकथालेखक कर्ट सिओडमाक याच्यावर मी जे लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं की हा माणूस स्टुडिओ सांगेल ते लिहायचा, स्वस्तातले भुताखेताचे सिनेमे, सगळा ऑर्डरचा माल, त्याला लेखक कशाला म्हणायचं आणि आपल्या इंदूरच्या मराठी माणसाला त्याचं काय. स्पष्ट बोललात ते बरं केलंत, पण मला हे अजिबात पटत नाही.

ऑर्डरवर लिहायचा हे खरंच आहे हो. युनिव्हर्सल स्टुडिओने सिनेमाचं नाव दिलं, नट ठरलेले, शूटिंगची तारीख पण ठरलेली, की हा बसून लिहायचा, 1941 चा ‘द वुल्फ मॅन’ असाच झाला. पण त्यात भल्या माणसाचाही लांडगा होऊ शकतो अशा अर्थाच्या चार ओळी आहेत ना, त्या लोकांना युरोपातल्या कुठल्या तरी खेड्यातल्या जुन्या म्हणीसारख्या वाटतात, आणि त्या यानेच रचल्यात! आधी त्यात शरदातला चंद्र होता, 1943 च्या पुढच्या भागात तो पौर्णिमेचा झाला.

आणि माणूस कोण ते पण बघा. ड्रेस्डेनचा ज्यू, गणित शिकलेला, 1933 ला जर्मनी सोडली, आधी इंग्लंड, मग 1937 ला अमेरिका, तिथे परक्या भाषेत लिहून पोट भरायचं. सिनेमातल्या त्या लांडगामाणसाला पुढचा बळी कोण हे समोरच्याच्या तळहातावर दिसणाऱ्या चांदणीवरून कळतं. काही गुन्हा नसताना गळ्यात पडलेलं ते भोगणं सिओडमाकने पुढे स्वतःच्या जर्मनीत ज्यू असण्याशी जोडलं होतं. हे स्टुडिओने सांगितलं होतं का त्याला?

आपल्याकडे स्पर्धेसाठी एकांकिका लिहिणारी पोरं बघा, वेळ बांधलेली, पात्रं मोजकी, पैसे तर नसतातच, तरी एखादा असं लिहून जातो की अंगावर काटा येतो, मग त्याला आपण लेखक म्हणतोच ना?

सगळंच भारी होतं असं नाही म्हणत मी, 1951 चा ‘ब्राइड ऑफ द गोरिला’ त्याने लिहिला पण आणि डायरेक्ट पण केला, मला तो फार ढिला वाटतो. पण 1942 च्या ‘डोनोव्हन्स ब्रेन’ या त्याच्या कादंबरीवर, मेलेल्या श्रीमंत माणसाचा जिवंत ठेवलेला मेंदू संशोधकाचाच ताबा घेतो अशी गोष्ट आहे ती, तीन वेगवेगळे सिनेमे निघाले.

‘वुल्फ मॅन’ जेमतेम सत्तर मिनिटांचा आहे काका, तो चांदणीचा सीन येईपर्यंत तरी बघा आणि मग सांगा मला.